दाखल्याची साडी

परशराम निपाणीहून येणार असला की शहापुरातल्या त्या घरात दोन गोष्टी न चुकता व्हायच्या. त्याची बहीण मालुबाई सकाळपासून उगाचच मोठ्याने बोलू लागायची, आणि तिचा नवरा यमनाप्पा बोलायचाच बंद व्हायचा. आजच्या शुक्रवारी तर भरीला तिसरी गोष्ट होती. केदारीची साडी मागावरून उतरायची होती.

बायाक्का सकाळीच न्हाऊन, धुवट लुगडे नेसून मागाच्या खोलीच्या दारात बसली होती आणि कोरडेच असलेले हात पुन्हा पुन्हा पदराला पुसत होती. चौसष्ट वर्षांच्या त्या हातांचा घरात मोठा मान होता. साडी उतरली की घरातल्या थोरल्या बाईने डोळे मिटून ती पदरापासून शेवटापर्यंत तळव्याखालून न्यायची, आणि ती "बरी हाय" म्हणाली तरच घडी घालायची, अशी इथली रीत. आधी आई हे करायची, गेली तीस वर्षे बायाक्का करत होती. हात थांबला तर ती साडी दुकानात जात नसे, मग विणणारा आठ मागांतला कोणीही असो. एकदा खुद्द यमनाप्पाची साडी तिने बाजूला काढायला लावली होती. तो तिचा दोन वर्षांनी धाकटा भाऊ, घराचा कर्ता, पण त्याने चकार शब्द काढला नव्हता. आठवडाभर अबोला तेवढा धरला.

आज मात्र तिला स्वतःच्याच हातांची भीती वाटत होती.

झाले होते ते असे. केदारी हा बायाक्काच्या सगळ्यात धाकट्या भावाचा, यमनाप्पाच्या पाठच्या भावाचा मुलगा. आई बाळंतपणात गेली, बाप तो पाच वर्षांचा असताना गेला, आणि पोर वाढले बायाक्काच्या मांडीवर. तो मुंबईच्या कॉमर्स कॉलेजातून बी.कॉम. झाला तेव्हा गल्लीभर पेढे वाटून झाले आणि सगळ्यांना वाटले, सुटलो एकदाचे. तर हा पठ्ठ्या दिवाळीला एक छापील पुस्तिका घेऊन हजर. याच्याही वर एक पदवी असते म्हणे, एम.कॉम., आणखी दोन वर्षांची. ओसरीवर बसून त्याने पुस्तिकेतल्या अटी सगळ्यांना मराठीत फोडून सांगितल्या. बी.कॉम. दुसऱ्या वर्गात तरी हवे, ते होते. दोन प्राध्यापकांची शिफारस हवी, ती त्याने आणलीच होती. दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या जोडीला एक प्रबंध लिहून द्यायचा आणि त्याचा विषय व आराखडा आताच अर्जासोबत जोडायचा. विषय त्याने निवडला होता शहापूरच्या हातमागांचा धंदा. पण धंद्यावर प्रबंध लिहायचा असेल तर त्या धंद्यात सहा महिने प्रत्यक्ष काम केल्याचा दाखला हवा, मालकाच्या सहीचा, आणि त्यात काम समाधानकारक शिकला असे लिहिलेले हवे.

"एवढंच व्हय?" मालुबाई म्हणाली होती. "घरचाच धंदा, घरचाच मालक. करा की सही."

दुसऱ्या कुठल्याही घरात ती सही त्याच दिवशी झाली असती. यमनाप्पाने पान लावता लावता विचारले, "समाधान कुणाचं म्हनलास?"

"तुमचं, अण्णा."

"माझं समाधान एका साडीनं हुतंय. पदरापासनं शेवटापातुर एकट्यानं विणायची. आक्काचा हात फिरंल. मग सही."

कॉलेजने मागितला होता कागद, आणि या माणसाने मागितली साडी. घरात शिकायला बसणाऱ्या प्रत्येक विणकराची तीच परीक्षा होती. ती पंधराव्या वर्षी यमनाप्पाने दिली होती, पुढे केदारीच्या बापाने दिली होती, मग पुस्तके वाचलेल्या केदारीला वेगळा न्याय कशाला, असा त्याचा सरळ हिशेब. केदारीने मान डोलावली आणि दिवाळीच्या पाडव्यापासून तो मागावर बसला. चार महिने चुकण्यात गेले, शिवरात्रीनंतर त्याने ही साडी लावली.

बायाक्काला मात्र भावाच्या त्या अटीमागचे दुसरे काहीतरी दिसत होते. यमनाप्पाला पोटचे मूल नव्हते. आठ माग, बेळगावच्या खडेबाजारातले दुकान, हे सगळे केदारीचेच होते, पण एम.कॉम. झालेला माणूस शहापुरात येऊन धोटा फेकत बसेल, हे कुणाला खरे वाटणार? साडी बिघडली तर केदारी राहील. ते यमनाप्पा कधी बोलला नाही, आणि बायाक्कानेही कधी विचारले नाही. लढाई संपली तरी सूत अजून परमिटावरच मिळत होते, त्यामुळे बिघडलेली साडी पुन्हा विणायला सूतही नव्हते आणि दिवसही. अर्ज महिनाअखेरीच्या आत मुंबईत पोचायला हवा होता, म्हणजे आज संध्याकाळच्या टपालाने निघायलाच हवा होता.

दहाच्या सुमाराला परशराम आला. निपाणीला त्याची तंबाखूची वखार होती आणि त्याच्याआधी त्याचा वास घरात शिरायचा. आल्या आल्या त्याने बायाक्काच्या पायांना हात लावला, बहिणीला पिशवी दिली, मेव्हण्याकडे बघून नुसतेच "दाजी" म्हटले आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

"केदारी, ह्यो घे. तुझा दाखला."

केदारीने कागद उलगडला. सुरेख टाइप केलेला होता, खाली निळा शिक्का, त्यावर परशरामची लपेटदार सही. वाचता वाचता त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मामा, ह्यात मी तुमच्या वखारीत सहा महिने काम केल्यालं लिवलंय."

"मग काय एक महिना लिवू? सहाच मागत्यात न्हवं ते?"

"पन माझा विषय मागांचा हाय."

"बदल की रं. तंबाखूवर लिही. मागांपेक्षा तंबाखूला लोक जास्त ओळखत्यात. आणि तुमचं ह्ये शहापूर पडलं सांगली संस्थानात. उद्या मुंबईचा सायेब म्हनला, संस्थानातला दाखला चालत न्हाय, मग काय करशील?"

"मी पत्र घालून इचारलंय मामा. चालतोय."

"तरी असू दे जवळ. आज साडी बरी निघाली तर निघाली. न्हाय निघाली तर अडायला नगं."

मालुबाईला तेवढेच हवे होते. "ऐकलंसा वन्सं? माझ्या भावाला कळतंय ते ह्या घरातल्या कर्त्याला कळंना झालंय. पोरगं सहा महिनं पाय अडकल्यागत त्या मागाच्या खड्ड्यात बसलंय. बोटं बघा त्याची."

यमनाप्पा इतका वेळ मागाजवळ पाठ करून उभा होता. तो वळला. "परशराम, केदारी तुझ्या वखारीत किती दिस होता?"

"आलता की संक्रांतीला."

"काम करायला?"

"जेवायला," परशराम म्हणाला, आणि हसू आवरत पुढे म्हणाला, "दाजी, कागद हाय ह्यो. कागदाला कोन जेवलं आणि कोन राबलं ते काय कळतंय?"

"मला कळतंय. खोटं हाय ते."

"खोटं न्हाय, सोय हाय."

"माझ्या घरात असली सोय नगं!"

आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतले माग खटखटायचे थांबले. परशरामचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता. भाच्याचे व्हावे म्हणून सकाळची पहिली मोटार धरून आला होता. पण आता तोही पेटला.

"तुमचं खरं तरी काय कामाचं, दाजी? पोरगं विणकर हुयाला चाललंय व्हय? विणकरांच्या धंद्यावर लिहायला चाललंय. रोगावर पुस्तक लिहिणाऱ्यानं काय आधी आजारी पडायचं?"

मालुबाई पदर तोंडाला लावून हसली. बायाक्कालाही, खरे सांगायचे तर, परशरामचे म्हणणे पटले होते. पटले म्हणून तिला भावाची दयाही आली. एकटा पडला की यमनाप्पा लहानपणी करायचा तसाच आताही खालचा ओठ आत ओढून उभा राहिला होता.

केदारीने मामाचा कागद परत दिला नाही आणि खिशातही घातला नाही. तो तसाच हातात धरून म्हणाला, "अण्णा, साडी उतरवूया."

मागाला हळदकुंकू वाहिले, नारळ फुटला. यमनाप्पाने स्वतः कात्री लावली आणि गुंडाळलेले कापड तुरीवरून, मागाच्या पुढच्या रुळावरून, सोडवून बायाक्कासमोरच्या चटईवर आणून ठेवले. डाळिंबी अंग आणि काळे काठ. दिसायला झकास होती. पण दिसण्यावर इथे काही ठरत नव्हते. मालुबाई आणि परशराम एका बाजूला बसले, केदारी दाराच्या चौकटीला टेकला, आणि यमनाप्पा रिकाम्या मागाच्या, पाय सोडायच्या खड्ड्याकडे बघत उभा राहिला.

बायाक्काने डोळे मिटले आणि पदर तळव्याखाली घेतला.

पदर भेदरलेला होता. धागा बसवणाऱ्या फणीचा ठोक कुठे हलका, कुठे नको इतका जोरात, नव्या माणसाचा असतो तसा, पण धागा कुठे सुटलेला नव्हता. पुढे दोन हातांवर ठोक स्थिरावला. बायाक्काला वाटले, आपण पोराच्या पाठीवरूनच हात फिरवतोय. इथे तो कंटाळला होता. इथे त्याला ताप होता बहुतेक, ठोकाला जोर नाही. इथे तो रमला, आणि इथे तर चक्क गाणे म्हणत विणत असणार, इतके कापड सारखे. सात हात झाले, नऊ झाले. तिच्या ओठांवर आपोआप हसू आले. ते बघून मालुबाईने परशरामला कोपराने ढोसले.

अकराव्या हाताशी तिचा तळवा थांबला.

ती थोडी मागे आली आणि पुन्हा पुढे गेली. एक वीतभर कापड वेगळे होते. बिघडलेले नव्हते, उलट अख्ख्या साडीत तेवढीच वीत बिनचूक होती. ठोक भरीव, एकसारखा, घाई नाही. आणि डाव्या काठाला अगदी पुसटशी ओढ. दुसऱ्या कुणाला ती ओढ सापडली नसती. बायाक्काला सापडली, कारण सत्तेचाळीस वर्षे ती ज्याच्यासाठी सुताच्या कांड्या भरत आली होती, त्या माणसाचा डावा काठ असाच ओढ खायचा.

तिने डोळे उघडले नाहीत. तिला गेली अमावस्या आठवली. अमावस्येला माग बंद असतात, विणकर घरी असतात. त्या दिवशी मालुबाईला घेऊन ती येळ्ळूरला गेली होती, मालुबाईच्या आजारी चुलत बहिणीला बघायला. केदारी प्रबंधाचा आराखडा टाइप करून घ्यायला बेळगावच्या कॅम्पात गेला होता. घरी एकटा यमनाप्पा राहिला होता. पाठ धरलीय म्हणाला होता.

अमावस्येला मागाला हात लावायचा नाही म्हणून साऱ्या गल्लीला दम देणारा यमनाप्पा!

आता करायचे काय? कापडाच्या बाबतीत बायाक्का आजवर खोटे बोलली नव्हती. "बरी हाय" म्हणून हात पुढे नेला तर सही होईल, पोराचा अर्ज जाईल, पण ती एक वीत तिच्या जिवाला कायमची टोचत राहील. आणि खरे बोलावे, तर आत्ताच परशरामच्या कागदाला खोटे म्हणून झिडकारणारा तिचा भाऊ त्याच परशरामसमोर उघडा पडेल. साडीही एकट्याची राहणार नाही आणि दाखलाही जाईल. तिला रडू यायला लागले, आणि ते कुणाला दिसायला नको होते.

"मालू, पाणी दे गं," ती म्हणाली.

मालुबाईने तांब्या आणला. बायाक्काने दोन घोट घेतले, पण एक हात साडीवर होता तिथेच ठेवला. खोलीत सगळ्यांना कळले की हात थांबलाय.

"आत्ती," केदारी चौकटीपासून पुढे आला. "तुझा हात हाय तिथलं कापड माझं न्हाय."

"म्हंजे रं?" मालुबाई पुढे झाली.

"अमावस्येच्या आदल्या दिवशी माझ्याकडनं ताण्याचे, उभे, वीसबावीस धागे तुटले. सांधले, पन उलटसुलट सांधले. तसंच पुढं विणत गेलो आणि वीतभर कापडात रेघ पडली. दुसऱ्या दिवशी कॅम्पात टायपिस्टापुढं बसलो तरी डोळ्यांपुढं ती रेघच. त्याच्या पुढल्या दिवशी मागावर बसलो तर रेघ न्हाय. मला वाटलं, आत्ती, तूच केलंस."

"मला विणाय कुठं येतंय बाबा? मी धागे सांधनारी."

"ते मलाबी म्हाईत हाय. पन मला तसं वाटून घ्याचं हुतं. इचारलं असतं तर खरं कळलं असतं, म्हणून इचारलं न्हाय." त्याने चष्मा पुसून पुन्हा लावला. "मी गप बसलो. तेवढं चुकलं माझं."

परशराम मांडी बदलून बसला. त्याच्या मिशीखाली हसू होते, पण ते दुष्ट नव्हते. "म्हंजे दाजी, सोय हितंबी झालीया म्हना की. कुनी केली तेवढं कळंना."

मालुबाईने नणंदेकडे बघितले, नणंदेने साडीकडे. बायाक्काने ठरवून टाकले होते की आपल्या तोंडातून नाव जाणार नाही. बोलायचे तर ज्याचे त्याने बोलावे.

"मी केलं," यमनाप्पा म्हणाला.

तो मागाकडे तोंड करूनच उभा होता. मालुबाई "आगं बया" म्हणून खाली बसली.

"अमावस्येला?" तिने विचारले.

"व्हय, अमावस्येला." मग तो वळला, आणि परशरामकडे नाही, मालुबाईकडे नाही, फक्त केदारीकडे बघून बोलू लागला. "तू कॅम्पात गेलतास. मी सहज तुझ्या मागावर बसलो. बघितली ती रेघ. मनात म्हनलं, झालं. आता आक्काचा हात हितं थांबनार. मला काय बी बोलायला लागनार न्हाय, आणि पोरगं हितंच ऱ्हानार. बरं वाटलं मला. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं."

त्याने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसले.

"तसाच बसून ऱ्हायलो दुपारपातुर. मागाच्या कडंला तुझ्या त्या प्रबंधाची वही हुती, कच्ची. मला इंग्रजी येत न्हाय, पन मधी मधी तू मराठीत नावं लिवलीयास. माझं नाव. तुझ्या बापाचं. आठी मागांवरच्या विणकरांची. कोन कुटल्या गावचा, कोन कुनाकडं शिकला. आमच्या वडलांचं, आप्पांचं नाव वरच्या ओळीला. आजपातुर आप्पांचं नाव कुनी कागदावर लिवलं न्हवतं, केदारी." त्याने पंचा पुन्हा खांद्यावर टाकला. "मग उसवाय लागलो."

केदारी दोन पावले पुढे आला आणि उंच, शिकलेला, चष्मा लावलेला तो मुलगा चुलत्याच्या खांद्यावर कपाळ टेकून हुंदके देऊ लागला. यमनाप्पाला अशा वेळी हात कुठे ठेवायचे ते कधीच कळले नव्हते. त्याने ते पुतण्याच्या डोक्यावर ठेवले.

पण तो यमनाप्पाच होता. जरा वेळाने त्याने केदारीला बाजूला केले आणि घसा साफ करून म्हणाला, "तरी सही हुनार न्हाय. एकट्याची साडी म्हनलतो. ही एकट्याची न्हाय. परशरामला खोटं म्हनलो आणि आता मी तसलंच कसं करू? परशराम, तुझा कागद चालतोय तर चालू दे. मी आड येत न्हाय."

सगळ्यात आधी नकार आला तो परशरामकडून. "न्हाय दाजी. ह्ये ऐकल्यावर माझा कागद द्यायला माझं मन हुईना. दे रं केदारी तो इकडं, तंबाखू बांधायला हुईल." त्याने केदारीच्या हातातून कागद ओढून घेतला. "तुम्ही करा सही. मी दाजींच्या बाजूचा हाय आता."

"मग मी कुनाच्या बाजूची?" मालुबाई रडवेल्या आवाजात म्हणाली, आणि त्या रडारडीतही परशराम हसला.

"सही न्हाय," यमनाप्पा म्हणाला. "रीत ती रीत. मी दिली तवा एकट्यानं दिली, आप्पांनी बोट लावलं न्हवतं."

बायाक्काने तांब्या खाली ठेवला. एक गोष्ट ती सत्तेचाळीस वर्षे पोटात ठेवून होती. आई गेली, आप्पा गेले, तेव्हाही बाहेर काढली नव्हती.

"लावलं हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"आप्पांनी. तुझ्या पयल्या साडीला."

यमनाप्पा हसला, पण ते हसू अर्ध्यावर राहिले. आक्का कापडाबद्दल खोटे बोलत नाही हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते?

"तू पंधराचा हुतास," बायाक्का म्हणाली. "मी त्याच साली पांढऱ्या कपाळानं घरी परत आलते. कुनी माझ्याशी बोलत न्हवतं, म्हणून आई मला शेजारी घेऊन बसायची. तुझी साडी उतरली. आईनं डोळे मिटले. मधी एका जागी तिचा हात थांबला. मी तिच्याकडं बघितलं. तिनं डोळे उघडून आप्पांकडं बघितलं. आप्पा खाली बघाय लागले. आई हसली, आणि हात पुढं नेला. 'बरी हाय' म्हनली. तू अंगणात उड्या मारत हुतास."

यमनाप्पा हळूहळू खाली बसला, मागाच्या खड्ड्याच्या कडेवर, पाय आत सोडून, विणायला बसतात तसा.

"आईला कळलं?" त्याने विचारले.

"तिला कळलं. सांजच्याला मी इचारलं, आई, तू खोटं बोललीस? ती म्हनली, बाई, साडी बरी हाय का एवढंच माझ्या हाताला इचारत्यात. साडी बरी हाय."

आणि मग बायाक्काने पुन्हा डोळे मिटले, तळवा त्या वितीवरून पुढे सरकवला, उरलेले सात हात न चुकता, न घाई करता हाताखालून नेले. शेवटाशी आल्यावर तिने साडी सोडली.

"बरी हाय," ती म्हणाली.

केदारीने आतून मागांचा, आधीच टाइप करून ठेवलेला दाखला आणला. यमनाप्पाने तो मराठीत सांगायला लावला, एकदा नाही, दोनदा. 'सहा महिने माझ्या देखरेखीखाली काम केले आणि काम समाधानकारक शिकला.' मग तो म्हणाला, खाली एक ओळ हाताने लिही, इंग्रजीत. नमुन्यादाखल विणलेल्या साडीत एक वीत शिकवणाऱ्याच्या हातची आहे.

"अण्णा, मुंबईत हसत्याल."

"हसू देत. लिही."

केदारीने लिहिले. त्या ओळीवर मुंबईत कुणी हरकत घेतली नाही हे जूनमध्ये प्रवेशाचे पत्र आले तेव्हा कळले, पण त्या दुपारी ते कुणालाच माहीत नव्हते. यमनाप्पाने टाक हातात घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला. मालुबाई काही बोलायला गेली, तर बायाक्काने तिच्या मांडीवर हात ठेवला. मग त्याने सही केली, मराठीत, जाड अक्षरात, बापाचे नाव मध्ये घालून. परशरामने अर्ज, शिफारशी, आराखडा, दाखला, सगळे पाकिटात भरले, आणि टपाल निघायच्या आत पोचायला हवे म्हणत केदारीला टांग्यात घालून बेळगावला गेला. मालुबाई स्वयंपाकघरात गेली आणि तिच्या भांड्यांचा आवाज येऊ लागला.

बायाक्का साडीची घडी घालू लागली. यमनाप्पा अजून मागाच्या कडेवर बसला होता. एका टोकाला धर म्हणून तिने खुणेने सांगितले, तसे त्याने उठून पदराकडची बाजू धरली. दोघे म्हातारे समोरासमोर उभे राहिले.

"आक्का," त्याने विचारले, "कुटं हुती गं आप्पांची वीत?"

"पदराच्या खाली. तिसऱ्या हातावर."

"डावीकडं का उजवीकडं?"

"वीत हाय ती. अख्खी आडवीच असती की रं."

"व्हय, व्हय." त्याने पदराचा काठ सरळ केला. "ती साडी कोन घेऊन गेलं?"

"गोकाकची बाई हुती एक. लेकीच्या लग्नाला नेली."

"फाटली असंल आता."

"फाटली असंल," बायाक्का म्हणाली. "पन तेवढी वीत सगळ्यात शेवटाला फाटली असंल."

यमनाप्पाने मान हलवली. साडीचे टोक हातात तसेच धरून तो उभा राहिला, आणि घडी पुरी व्हायला त्या दिवशी बराच वेळ लागला.